अँबॅसेडरचा कॅम खाल्ला : दोष ऑइलचा की टॅपेटचा?

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याच्या एका गाडीमालकांकडे १९८४ ची मार्क ४ अँबॅसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल. इंजिन नव्याने बांधलं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा, थोडक्यात कॅम) नवा टाकला, टॅपेट (कॅमवर घासत वर-खाली होणारे ठोकळे) मात्र "चांगले दिसले" म्हणून जुनेच बसवले. ऑइल घातलं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) दर्जा एसपी. दीड हजार किलोमीटरच्या आत तीन नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्टचा टॅपेट वाजू लागला. सेट केला की आठवड्यात गॅप पुन्हा वाढते आणि चढाला गाडी कार्बोरेटरमधून फटके मारते. कव्हर काढून बघितलं तर तो व्हॉल्व्ह बाकीच्यांच्या निम्माच उघडतोय. मेकॅनिक म्हणतो ऑइलने घात केला, ऑइलवाला म्हणतो मेकॅनिकने. आता नवीन कॅम टाकताना ऑइल कोणतं घालायचं, झीज रोखणाऱ्या झिंकची बाटली ओतायची का, आणि डिझेलचं ऑइल चालेल का?

आधी निदान. तुमचा एक लोब (कॅमवरचा, टॅपेट उचलणारा उंचवटा) गेला आणि सात शाबूत आहेत. ऑइल आठही लोबना एकच मिळत होतं. ते इतकं वाईट असतं तर आठहीवर कमी-जास्त खुणा दिसल्या असत्या. एकटाच लोब जातो तेव्हा मी आधी त्याच्यावर बसलेल्या टॅपेटकडे बघतो, ऑइलच्या डब्याकडे नंतर. तुमच्या ऑइलची निवड चुकीची होती, हे खरं. पण तिने फार तर मरणाऱ्याला धक्का दिला.

फटके का मारते तेही सांगतो, कारण बरेच जण इथे कार्बोरेटर उघडून बसतात. एक्झॉस्टचा लोब झिजला की जळलेला धूर पूर्ण बाहेर पडत नाही. इनटेक उघडताक्षणी तो मागे मॅनिफोल्डमध्ये घुसतो. या इंजिनात तीन आणि चार नंबर सिलिंडरचा इनटेक पोर्ट एकच असल्याने शेजारचा सिलिंडरही बिघडल्यासारखा वागतो. टायमिंग आणि जेट बदलून हा आजार जात नाही.

हे इंजिन म्हणजे ब्रिटिश बीएमसीचं बी-सिरीज. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, त्यावर सपाट तळाचे टॅपेट, वर तो जोर व्हॉल्व्हपर्यंत नेणारे पुशरॉड आणि रॉकर. टॅपेटचा तळ लोबवर नुसता घासत जातो, मध्ये रोलर वगैरे काही नाही. प्रीमियर पद्मिनी, जुन्या कास्ट आयर्न बुलेट, पेट्रोलवरच्या विलीज आणि महिंद्रा जीप यांची जातकुळी हीच, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

"सपाट" म्हणतात खरं, पण सपाट तळ सपाट लोबवर एकाच जागी घासत राहिला तर इंजिन महिनाभर टिकणार नाही. टॅपेट फिरला पाहिजे. म्हणून या जातीच्या इंजिनांत काही ना काही युक्ती केलेली असते. कुठे टॅपेट लोबच्या मध्यावर न ठेवता बाजूला सरकवलेला असतो. कुठे, विशेषतः अमेरिकन व्ही-८ मध्ये, लोब एक-दोन थाउ (इंचाचा हजारावा भाग) तिरका घासलेला आणि टॅपेटचा तळ डोळ्याला न दिसणारा इतपत फुगीर असतो. लोबच्या प्रत्येक फेरीला टॅपेट थोडा स्वतःभोवती वळतो आणि झीज सगळ्या तळावर वाटली जाते. जुना टॅपेट त्याच्या जुन्या लोबशी जुळून झिजलेला असतो. तो नव्या लोबवर ठेवला की दोघांचा स्पर्श चुकीच्या जागी होतो, फिरणं थांबतं, आणि मग तळ आणि लोब एकमेकांना खातात. जुना कॅम जुन्या टॅपेटांवर चालतो, पण प्रत्येक टॅपेट आपापल्याच लोबवर गेला पाहिजे. नव्या टॅपेटांवर चांगला जुना कॅम एखादे वेळी निभावतो. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नाही. तुमच्या इंजिनचं मरण मला इथेच दिसतं.

खात्री करून घ्यायची असेल तर तो टॅपेट बाहेर काढा. १४८९ ला ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली दोन पत्र्याची कव्हरं आहेत. रॉकर आणि पुशरॉड काढले की टॅपेट तिथून हाताने निघतात, कॅम जागेवरच राहतो. तळ उजेडात धरा. निरोगी टॅपेटच्या तळावर गोल-गोल, एकात एक वर्तुळांसारखी झिलई दिसते. न फिरलेल्या टॅपेटवर आडवा पट्टा दिसतो, आणि बोट फिरवलं तर मध्ये खळगा लागतो. स्टीलच्या पट्टीची धार तळावर उभी ठेवून मागून बॅटरी मारा. मध्ये उजेड दिसला तर तळ खोल गेलेला आहे. टॅपेट त्याच्या भोकात ऑइल लावून सोडला की स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेला पाहिजे. अडकत असेल तर भोकातलं गंज-किटण किंवा टॅपेटवरची वार्निश काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ऑइल. इथे गैरसमज भरपूर आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

लोबच्या नाकावर इंजिन स्लोवर असताना सगळ्यात जास्त दाब असतो. लोकांना उलट वाटतं. वेगात असताना व्हॉल्व्ह, पुशरॉड, टॅपेट यांचं वजन वरच्या दिशेने उडायला बघतं आणि स्प्रिंगचा थोडा जोर त्यातच खर्च होतो. स्लोवर तो सगळा जोर नाकावर येतो. त्याच वेळी क्रँकवरून उडणारं ऑइलही कमी असतं. अशा जागी ऑइलचा थर धातूंना वेगळं ठेवू शकत नाही आणि धातू धातूला लागतो. तिथे कामाला येतं ते झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, ज्याला लोक नुसतं "झिंक" म्हणतात. उष्णता आणि घासणं मिळालं की त्याचं विघटन होऊन लोखंडावर फॉस्फेटचा काचेसारखा अतिशय पातळ थर बसतो. घासायचं ते हा थर घासतो, आणि तो पुन्हा तयार होत राहतो. या कामात फॉस्फरसला जास्त महत्त्व आहे. म्हणून ऑइलच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा शोधा.

फॉस्फरस कमी का केला? कारण ऑइल थोडं जळतं, फॉस्फरस सायलेन्सरकडे जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) निकामी करतो. म्हणून २००४ च्या एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम झाली. त्याआधी एसएल मध्ये ती ०.१० टक्के होती. किमान मर्यादाही आहे, ०.०६ टक्के. म्हणजे तुमच्या एसपी ५डब्ल्यू-३० मध्ये ६०० ते ८०० पीपीएमच्या मधलं काहीतरी होतं.

पण ही कमाल मर्यादा फक्त त्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडपुरती आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. २०डब्ल्यू-५० वर एसएन लिहिलेलं आहे म्हणून त्यात झिंक नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. किती घातलंय ते कंपनीवर अवलंबून, म्हणून माहितीपत्रक बघायचं. आणखी एक. एसएम आणि एसएन या दर्जांच्या चाचण्यांत जनरल मोटर्सच्या ३.८ लिटर व्ही-६ वरची एक चाचणी होती, आणि त्या इंजिनात मुद्दाम फ्लॅट टॅपेट होते. कॅम आणि टॅपेटची झीज मोजूनच ऑइल पास व्हायचं. तेव्हा नवीन ऑइल म्हणजे जुन्या इंजिनाला विष, असं जे सांगत फिरतात त्यांचं अर्धंच खरं आहे. चांगल्या स्थितीतला, बसलेला कॅम एसएन ऑइलवर वर्षानुवर्षं चालतो. नव्या कोऱ्या, अजून न बसलेल्या कॅमला मात्र मी तो धोका देत नाही.

तुमच्या गाडीला कन्व्हर्टर नाही. त्यामुळे फॉस्फरस थोडा जास्त असला तर कुणाचं काही बिघडत नाही. मी फ्लॅट टॅपेटसाठी १००० ते १२०० पीपीएमच्या आसपासचा आकडा शोधतो, आणि आपल्या बाजारात तो तीन ठिकाणी सहज मिळतो.

पहिलं, खनिज २०डब्ल्यू-५० पेट्रोल इंजिन ऑइल. महाराष्ट्राच्या हवेत अँबॅसेडरला हेच सरळ उत्तर आहे. २० च्या पुढचा "डब्ल्यू" उणे १५ अंशांवर तपासला जातो. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटेलाही त्याच्या जवळपास आपण जात नाही, मग ५डब्ल्यू चे पैसे कशाला मोजायचे? शिवाय तीन बेअरिंगच्या या बी-सिरीजला क्रँकच्या मागच्या टोकाला सील नाहीच, नुसती ऑइल परत ढकलणारी स्क्रोलची आटी आहे. पातळ ऑइल गाडी उभी असताना तिथून उतरतं आणि क्लच भिजवतं. तुमच्या पार्किंगमध्ये बेल हाउसिंगखाली (क्लचच्या घराखाली) डाग पडत असेल तर नवल नाही.

दुसरं, डिझेलचं १५डब्ल्यू-४०. हो, चालतं, आणि मी घालतो. डिझेल ऑइलच्या सीआय-४ या एपीआय दर्जात फॉस्फरसला रासायनिक मर्यादा नाही, आणि त्यानंतरच्या सीके-४ मध्ये ती ०.१२ टक्के आहे, म्हणजे आपल्याला पुरेशी. मात्र या ऑइलमध्ये साफ करणारी रसायनं जास्त असतात. न उघडलेल्या, वर्षानुवर्षं काळी माती साचलेल्या इंजिनात ते एकदम घातलं तर ती माती सुटते आणि ऑइल पंपाच्या जाळीत किंवा रॉकर शाफ्टच्या भोकांत जाऊन बसते. रॉकरवर चढलेलं ऑइल पुशरॉडच्या बिळांतून खाली टॅपेटवर उतरतं. वरची भोकं बुजली की खाली टॅपेट कोरडा पडतो. तेव्हा जुन्या इंजिनला आधी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून, जाळी धुऊन, मगच डिझेलचं ऑइल. तुमचं इंजिन नुकतंच उघडलेलं आहे, तुम्हाला ही भीती नाही. इंजिन ऑइल पीत असेल तर मात्र डिझेलच्या ऑइलची राख प्लगवर बसते, ते लक्षात ठेवा.

तिसरं, मोटारसायकलचं, जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए२ दर्जाचं ऑइल. त्यात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्क्यांच्या मध्ये ठेवावाच लागतो. बुलेटवाल्यांसाठी तर हा आपसूक मार्ग आहे, २०डब्ल्यू-५० मध्येही मिळतं. अँबॅसेडरला घालायला हरकत नाही, पण चार लिटरच्या आसपास ऑइल लागतं आणि मोटारसायकलचं महाग पडतं.

झिंकची बाटली घेऊ नका. बाटलीत किती आहे आणि डब्यातल्या ऑइलमध्ये आधीच किती आहे, हे दोन्ही माहीत नसताना ओतणं म्हणजे डोळे मिटून मीठ घालणं. फॉस्फरस प्रमाणाबाहेर गेला की संरक्षण वाढत नाही, उलट लोखंडाला गंजासारखी इजा होऊ शकते. शिवाय ऑइलमधली साफ करणारी रसायनं आणि झिंक दोघांचीही धातूच्या पृष्ठावर जागेसाठी चढाओढ चालते, ते गणित कंपनीने जमवलेलं असतं. योग्य ऑइल घेतलं की बाटलीची गरजच उरत नाही.

सिंथेटिक की खनिज, या वादात मी पडत नाही. बसलेल्या इंजिनात १५डब्ल्यू-५० सिंथेटिक उत्तम. पण पहिलं ऑइल तासाभरात टाकून द्यायचंय, तेव्हा ते खनिजच असू द्या.

आणि शिशाबद्दल. "पेट्रोलमधलं शिसं गेलं म्हणून कॅम जातात" असं अजून ऐकू येतं. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० मध्ये आलं. त्याचा त्रास झालाच तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीटला होतो, सीट खोल जाते आणि टॅपेटची गॅप कमी होते. तुमची गॅप वाढतेय. दोन्ही आजार उलट्या दिशेने जातात.

आता नवीन कॅम टाकण्याआधी इंजिन पुन्हा उघडणं भाग आहे. लोबचं निम्मं नाक कुठेतरी गेलंय, आणि ते बारीक लोखंडी कणांच्या रूपात ऑइलमध्ये फिरलंय. चेंबर काढा, ऑइल पंप उघडून बघा, बेअरिंग शेल बाहेर काढून त्यात रुतलेले चकाकणारे कण आहेत का ते बघा. ऑइल गॅलरीचे प्लग काढून ती तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने धुवा. नुसता कॅम बदलून गाडी बाहेर काढली तर सहा महिन्यांनी बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) वाजेल आणि पुन्हा दोष ऑइलला जाईल.

कॅम निवडताना आपल्याकडची खरी अडचण सुट्या भागांचीच आहे. उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, आणि १४८९ चं पेट्रोल इंजिन तर त्याच्या खूप आधी थांबलं. बाजारात मिळतं ते जुना शिल्लक माल, कुणीतरी बनवलेला "लोकल" माल किंवा जुनाच कॅम घासून दिलेला. घासलेल्या कॅमचा धोका असा की वरचा कठीण थर काही ठिकाणी पूर्ण निघून जातो आणि आत मऊ ओतीव लोखंड राहतं. दुकानातच बारीक कानस घेऊन लोबच्या बाजूच्या कडेवर, घासणाऱ्या भागावर नाही, हलकेच ओढून बघा. कानस घसरली तर लोब कठीण आहे. कानस धरली आणि चकाकणारा चरा पडला तर कॅम परत द्या. टॅपेटच्या कडेलाही हीच परीक्षा. शक्यतो कॅम आणि टॅपेट एकाच ठिकाणचे घ्या, दोन्हीचा धातू एकमेकांना साजेसा हवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कठीणपणा मोजून देणारे लोक मिळतात. साताऱ्याहून ते फार लांब नाही, एक चक्कर मारा.

स्प्रिंगांकडेही बघा. सीट कापल्यावर स्प्रिंग सैल होतं म्हणून खाली वॉशर टाकतात, ते ठीक. पण "जरा टाइट बरं" म्हणून एक वॉशर जास्त टाकायची खोड बऱ्याच मिस्त्रींना असते. लोब पूर्ण वर असताना स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये फिलर गेजचं पान शिरलं पाहिजे. वेढे एकमेकांना टेकत असतील तर कोणतंही ऑइल तो कॅम वाचवणार नाही.

जोडताना लोबवर आणि टॅपेटच्या तळावर मोलीचा काळा पेस्ट लावा, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा. टॅपेटच्या बाजूंना मात्र साधं ऑइल, पेस्ट नाही. तिथे पेस्टने टॅपेट जड होतो आणि फिरत नाही.

मग येतो पहिला अर्धा तास. कॅम इथेच जगतो किंवा मरतो. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होईल अशी तयारी आधी करून ठेवा. टायमिंग बरोबर, फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरलेलं, रेडिएटर भरलेला, स्पार्क प्लग काढून सेल्फ मारून ऑइल प्रेशर काट्यावर आलेलं. तेही थोडक्यात आटपा. स्टार्टरच्या वेगात लोब रेंगाळत फिरतो आणि सेल्फ मारत बसलात तर सगळा पेस्ट पुसला जातो. सुरू झाल्याबरोबर रेस २००० वर न्या आणि पुढची २० ते ३० मिनिटं १८०० ते २५०० च्या दरम्यान वरखाली करत ठेवा. स्लोवर सोडायचं नाही. अँबॅसेडरला आरपीएमचा काटा नसतो, म्हणून ट्यूनिंगवाल्याचा मीटर जोडून घ्या. समोर मोठा पंखा लावा, कारण उभ्या गाडीत इंजिन तापतं. कुठे गळती लागली, पाणी तापलं, तर स्लोवर ठेवून बघत बसू नका, इंजिन बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा सुरू करून थेट २००० वर.

या वेळात एकदा बंद करून रॉकर कव्हर काढा, प्रत्येक पुशरॉडवर मार्कर पेनने एक उभी रेघ मारा आणि पुन्हा सुरू करा. थोडं ऑइल उडेल, जुना शर्ट घाला. आठही रेघा फिरताना दिसल्या पाहिजेत. कुणी हळू, कुणी भरभर, पण फिरल्या पाहिजेत. एखादी रेघ जागची हलत नसेल तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. तो टॅपेट फिरत नाहीये, आणि अजून दहा मिनिटं चालवलंत तर तुमच्या लोबचं आत्ता जे झालं तेच परत घडेल. हे तपासायला एक रुपया लागत नाही, आणि इतकं सगळं काम करणारे लोक नेमकं हेच करत नाहीत.

अर्ध्या तासानंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही टाकून द्या. फिल्टरचा कागद कापून उलगडा आणि चुंबक फिरवा. करडी, पेस्टसारखी बारीक पूड असेल तर ठीक. चकाकणाऱ्या कपच्या चिकटल्या तर पुढे जाऊ नका. नवीन २०डब्ल्यू-५० भरा, ५०० किलोमीटरवर पुन्हा बदला, मग दर ५००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी होईल ते. रविवारी दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ऑइल नीट तापत नाही, पेट्रोल आणि पाणी आत साचतं. अशा गाडीला किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, पावसाळा संपला की बदला. गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर सुरू करण्याआधी कव्हर काढून पुशरॉडवरून ऑइल ओता, प्लग काढून प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा. लोबचा वरचा भाग तोवर कोरडा पडलेला असतो, दमट हवेत त्यावर गंजाचे ठिपकेही येतात.

टॅपेट सेटिंगला या इंजिनाची नऊची बेरीज धरा. चौथा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पाचवा सेट करायचा, पहिला उघडा तेव्हा आठवा. तुमचा तीन नंबरचा एक्झॉस्ट म्हणजे समोरून मोजून पाचवा व्हॉल्व्ह. दर वेळी सेट करण्याआधी आठही गॅप मोजून वहीत लिहा. एखाद्याची दोनदा सलग पाच थाउनी वाढलेली दिसली आणि बाकीचे जागेवर असले, तर स्क्रू आवळून विसरू नका. डायल गेज लावून त्या पुशरॉडचा लिफ्ट शेजारच्या एक्झॉस्टशी ताडून बघा.